नात्याचा रकाना

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ५ जानेवारी १९३३

अक्का,

वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, मेली आता गोड बोलायला लागली. नमस्कार मात्र करते. तो घे नाहीतर चुलीत घाल, पण पत्र चुलीत घालायच्या आधी वाच. अक्षरं मोठी काढली आहेत. तुझ्या चनबसूच्या पाटीवर, त्याच्या शेजारी बसून तू जेवढं शिकलीस तेवढ्यात हे वाचता येईल. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

सहा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. परवा मंद्रूपला तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा बोललीस. काय, तर "मास्तरीणबाई, पाणी घ्या." तांब्या पुढं केलास तेव्हा तुझी बोटं माझ्या बोटांना लागू दिली नाहीस. मीही काही कमी नाही, "नको हो बाई" म्हटलं. एका ताटात जेवून वाढलेल्या आपण दोघी, आणि त्या साहेबाला वाटलं या बायका एकमेकींना पहिल्यांदाच बघताहेत.

मी तुझ्याकडेच येणार हे मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, कलेक्टर कचेरीला कानडी समजणारी बाई पाहिजे. लहान पोरांना कामाला जुंपतात त्याविरुद्ध दिल्लीला कायदा व्हायचा आहे, त्याच्या आधी कुठं काय चाललंय याची माहिती सरकार गोळा करतंय. मुली पुरुषापुढं तोंड उघडत नाहीत, म्हणून बाई हवी. मी हौसेनं हो म्हटलं. मोटारीत बसायला मिळतंय म्हणूनही म्हटलं, खोटं कशाला बोलू. मोटार मंद्रूपच्या वाटेला लागली. आणि रामहरी कारकुनानं कागद बघून "सुंदरम्मा, विड्यांचं काम" असं वाचलं. तेव्हा म्हणायला हवं होतं, साहेब, ही माझी सख्खी बहीण, मला इथंच उतरवा. नाही म्हटलं.

आणि मग तुझी ती मागची खोली. अगं, भावजी असताना तिथं आपण ज्वारीची पोती ठेवायचो. खिडकी नाही, झरोका नाही. दार उघडल्याबरोबर तंबाखूचा खकाणा नाकात गेला आणि मला असा ठसका लागला की साहेबानं आपला रुमाल पुढं केला. तिथं भिंतीला टेकून सहा पोरी ओळीनं बसलेल्या, मांडीवर सूप. त्यांतली एकही खोकली नाही. सोळा वर्षं मुलींना शिकवतेय, एवढ्या गप्प सहा मुली मी एका खोलीत कधी बघितल्या नाहीत.

"वय किती?" विचारलं. "बारा." दुसरीला विचारलं, "बारा." सहाही जणी बारा. पढवायचं तर जरा वेगवेगळं पढवायचं गं! त्या शेवटच्या चंद्रव्वाचे पुढचे दोन दात नुकते अर्धे वर आले आहेत. बारा वर्षांच्या पोरीचे दात अर्धे असतात होय? माझ्या बिगरीच्या वर्गात तसल्या दातांच्या चाळीस जणी बसतात, मला शिकवू नकोस. बोलायला म्हणून मी तिला सूप खाली ठेवायला लावलं. ती माझ्याशी बोलत होती आणि तिची बोटं मात्र पान गुंडाळत होती, अंगठ्यानं विडीचं तोंड मुडपत होती. हातात पान नव्हतं, काही नव्हतं. मी तिचे हात धरले तेव्हा कुठं थांबले.

रामहरीच्या कागदावर शेवटचा रकाना होता, मालकाशी नातं. पोर घरचंच असलं तर ते घरकाम धरायचं, पुढची चौकशी नाही. मी विचारलं, हे कुणाचं घर? चंद्रव्वा म्हणाली, "अत्ती मनी." बाकीच्या पाचही तेच म्हणाल्या. रामहरी पंढरपूरकडचा, त्यानं लेखणी वर करून विचारलं, "मनी म्हणजे घर हे कळलं, अत्ती म्हणजे काय हो बाई?"

आता तुला मी काय सांगायचं. आपल्या कानडीत आत्या म्हणजेही अत्ती आणि सासू म्हणजेही अत्ती, आणि पोरी तर वाटेवरच्या कुठल्याही पोक्त बाईला अत्ती म्हणतात. मी तुझ्याकडे बघितलं. तू कपाळाला विभूती लावून दाराशी उभी, पदर दातात धरलेला. मी म्हटलं, "आत्या." एकदा नाही, सहा वेळा म्हटलं, आणि खाली सही केली.

तुझ्यासाठी केलं. त्यात उपकार नाहीत, मला तुझं देणं आहे हे मी जाणते. पण आता एवढं ऐक. त्या पोरी ज्यांच्या असतील त्यांच्याकडं पाठवून दे. कुणाला काही कळायचं नाही.

तुझी,
दाक्षायणी


शुक्रवार पेठ
ता. ११ जानेवारी

अक्का,

उत्तर नाही. नसू दे. पण आता नुसतं बसून चालायचं नाही.

काल शाळा सुटताना रामहरी फाटकाशी उभा. मला वाटलं सहीबिही राहिली असेल. हसत हसत म्हणतो, "बाई, त्या मंद्रूपच्या सुंदरम्माला भाऊ किती हो? साहेब म्हणाले, सहाही जणींची आत्या आहे ना, मग सहा जणींच्या बापांची नावं लिहा."

मी म्हटलं, "भाऊ?"

आणि तिथंच, पोरींच्या त्या गलक्यात, मला उमगलं. भाऊ! आपल्याला भाऊ कुठं आहे गं? नागपंचमीच्या आदल्या दिवशी मैंदर्गीतल्या झाडून सगळ्या पोरी भावाचा उपास करायच्या, आणि आपण दोघी चुलीपुढं बसून पोटभर जेवायचो. आई वाढता वाढता डोळे पुसायची. आप्पालाही भाऊ नव्हता, म्हणजे चुलतभाऊसुद्धा नाही. या पृथ्वीच्या पाठीवर तुला आत्या म्हणणारं माणूसच नाही, आणि हे ज्या एका बाईला ठाऊक आहे तिनंच सहा वेळा आत्या म्हणून सही केली. शाळेत मी दुसऱ्यांच्या पोरींना मठ्ठ म्हणते!

रामहरीला म्हटलं, "असतील लांबचे. मानलेले." तो म्हणाला, "सहा मानलेले? बाई लई मायाळू दिसते." जाता जाता त्यानं आणखी एक सांगितलं ते तुला सांगते. सगळ्या जिल्ह्यांतून असे कागद वर जाताहेत. घरात चाललेल्या कामाच्या जागी सरकारच्या माणसानं शिरायचं की नाही, मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं की नाही, हे त्यावरनं ठरायचं आहे. साहेब त्याच्यासाठी भांडताहेत. आणि मंद्रूपच्या पानावर जर सहाही मुली नात्यातल्या निघाल्या, तर वरचे म्हणतील, बघा, घरची पोरं घरात काम करतात, तिथं सरकारचं काय काम? कागद पंचवीस तारखेला जायचा आहे.

कुणाच्या मुली आहेत गं त्या? तुला अत्ती का म्हणतात? नुसतं शिकवलंस म्हणून? हे मला लिही. बाकी शिव्या नंतर दे.

दाक्षायणी


शुक्रवार पेठ
ता. १६ जानेवारी

अक्का,

आता मला कळलं. देवा, मला कळायलाच नको होतं.

सिद्धरामाची गड्ड्याची जत्रा चालू आहे. देवाच्या लग्नाच्या अक्षता पडून मी घरी आले तर ओट्यावर एक बाई बसलेली. पायांवर होटगीपासूनची धूळ, मांडीवर गाठोडं. मला बघून उठली आणि वाकून पायाला हात लावला.

"तुमी सुंदरम्माच्या भैन नव्हं? मास्तरीन? मी गुरम्मा. तुमची इहीण."

मी म्हटलं, "कुठली विहीण, बाई? घर चुकलात."

"चुकले न्हाय वो. चंद्रव्वाची आई मी. तुमच्या चनबसप्पाची सासू."

अक्का, मी दाराची चौकट धरली. ती आपली बोलतच होती, अर्धं कानडी, अर्धं मराठी. भीमेपलीकडची बाई. तिला वाटलं उन्हानं मला भोवळ आली, तिनंच मला आत नेऊन बसवलं. माझ्याच माठातलं पाणी तिनं मला दिलं.

"जावई कवा येनार जत्रंला?" म्हणाली. "लगीन झालं त्येला दोन वर्सं झाली, तोंड काय बगितलं न्हाय आमी अजून."

मी विचारलं, तोंड बघितलं नाही तर लग्न कसं लागलं?

"पटक्याशी की! तुमास्नी ठावं न्हाय? जावई मुंबैला गिरनीत, रजा मिळंना. तुमच्या भैनीनं त्येचा पटका आनला. आमचं मालक म्हनलं, आसं कुटं आसतंय व्हय? तर तुमची भैन म्हनली, सिद्धरामाच्या योगदंडाशी कुंभाराच्या लेकीचं लगीन लागतंय, त्येच्या अक्षता तुमीच टाकता की न्हाय दर वर्साला? मग माज्या लेकाच्या पटक्याशी का न्हाय? आमी हात जोडलं. देवाचं नाव घेतल्यावर काय बोलायचं? आनि हुंडा नको, मानपान नको. लई मोठ्या मनाची बाई."

"पटका कसला होता?" मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे.

"हिरवा. लाल काठाचा. ल्हानसाच."

लहानसाच असणार. बारा वर्षांच्या पोराच्या डोक्याचा तो. मी घेऊन दिला होता, याच जत्रेत, याच गड्ड्यावर. तो बांधून चनबसू नंदीध्वजामागनं चालला होता आणि तो डोळ्यांवर घसरत होता म्हणून मी मागनं दोनदा आवळला होता. त्याला जाऊन सहा वर्षं होतील येत्या चैत्रात. शिकायला माझ्याकडं ठेवलेलं पोर, माझ्या मांडीवर गेलं. मी आंघोळ घातली, मी विभूती लावली, तू पोचलीस तेव्हा त्याला बसवून माती द्यायची तयारी झाली होती. आणि तू दोन वर्षं झाली त्याची लग्नं लावत हिंडते आहेस! म्हणून सहाही जणी तुला अत्ती म्हणतात, सासू म्हणून! सहा गावं, सहा पोरी, एक पटका. तुला हे सुचलं कसं, अक्का? कुठल्या घटकेला सुचलं? चूल पेटवताना? पूजा करताना?

गुरम्मा तीनदा मंद्रूपला आली होती म्हणे. तीनही वेळा तू दारातनंच सांगितलंस, पोरगी नवऱ्याकडं मुंबईला गेली. तेव्हा चंद्रव्वा मागच्या खोलीत होती, आईचा आवाज ऐकू येईल इतकी जवळ. शेवटी या बाईला आठवलं की लग्नात तू माझं नाव सांगितलं होतंस. माझी बहीण सोलापुरात मास्तरीण आहे, शिकलेलं घर आहे, असं. वा! बोलायला मी नको, सांगायला मी चालते.

तिला मुंबईचा पत्ता पाहिजे होता. आणि मी काय केलं असेल? सांगितलं असेल की बाई, तुझा जावई नाहीच, तुझी पोर इथनं सात कोसांवर विड्या वळते आहे? नाही. मी म्हटलं, "येईल. कळवते तुम्हाला." जीभ झडली नाही माझी.

तिनं गाठोडं इथंच ठेवलं आहे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, जावयाला नवा पटका, आणि चंद्रव्वाला बांगड्या. बांगड्या दाखवताना म्हणाली, "दोन वर्सांत हात वाडला आसंल की, म्हनून जरा मोट्याच घेतल्या." तिची आत्तेबहीण तळ्याच्या बाजूला राहते, जत्रा उठेपर्यंत ती तिच्याकडे आहे. रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसते आणि विचारते, "कागूद आला व्हय?"

मी काय करू ते सांग. नाही, सांगू नकोस. पोरी सोड.

दा.


शुक्रवार पेठ
ता. २२ जानेवारी, रविवार

अक्का,

तुझं कार्ड पोचलं. सहा वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात दोन ओळी.

'तू त्याला खाल्लीस. मी त्याचा संसार मांडला.'

आधी मास्तरणीसारखं बघितलं. 'खाल्लीस' नव्हे, 'खाल्लंस'. मग हातातनं कार्ड गळालं.

संसार म्हणतेस त्याला? अगं, तंबाखूचा त्याला केवढा तिटकारा! आप्पाच्या विड्या चोरून हौदात टाकायचा आणि मार खायचा. त्याच्या नावानं तू सहा पोरींच्या नाकातोंडात तंबाखू भरलीस. रागाच्या भरात मी हे दहा वेळा लिहिलं आणि दहा वेळा फाडलं. कारण तुझी पहिली ओळ खोटी नाही, आणि ते मी तुला आजवर सांगितलेलं नाही. आज सांगते.

मी तुला सांगितलं होतं, पटकी दुपारी सुरू झाली, हातपाय हलवायला वेळच मिळाला नाही. दुपारी नाही. सकाळी सातला त्याला पहिली उलटी झाली. त्या दिवशी शाळा तपासायला साहेब यायचा होता. कायम होण्याचा माझा कागद त्याच्या हातात होता. मी ओवा-मीठ दिलं, शेजारच्या म्हाळसाबाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि गेले. तो म्हणाला, "चिक्कव्वा, लवकर ये." मी साडेतीनला आले. दिवेलागणीला संपलं. मला कायम केलं, साहेबानं शेरा फार चांगला दिला.

त्याची चिक्कव्वा, मावशी म्हणवणारी मी अशी आहे. त्या एका खोट्यापायी तुझ्यापुढं मान वर करायचा मला धीर नव्हता, म्हणून तुझ्या दारात सहा वेळा आत्या म्हटलं. तुझ्यासाठी केलं असं मागं लिहिलं होतं ते खोडून वाच, मी ते स्वतःसाठी केलं. आणि फेडायला कुणाला दिलं, तर अर्ध्या दातांच्या एका पोरीला.

तुझं दुःख मला कळतं. खरंच कळतं. तू त्याला मेलेला मानायला तयार नाहीस. पहिली सून आणलीस तेव्हा कदाचित तुला खरंच वाटलं असेल, घरात बांगड्या वाजतील, चनबसूचं नाव घेणारं कुणीतरी असेल. पण दुसरी आणलीस तेव्हा? आणि सहावीच्या वेळी तर तुला पक्कं ठाऊक होतं तू काय आणते आहेस ते. तेव्हा सुपं किती मोकळी आहेत ते बघून गेली होतीस. नाही म्हणून दाखव.

उद्या मी कचेरीत जाणार. हे पत्र मी तिथून बाहेर पडल्यावर पेटीत टाकणार आहे, आधी नाही. तू पोरींना दुसरीकडं हलवशील. तुझ्यावर माझा विश्वास राहिलेला नाही, स्पष्टच लिहिते.

दाक्षायणी


शुक्रवार पेठ
ता. २ फेब्रुवारी १९३३

अक्का,

तुला जे दिसलं ते तू बघितलंस. जे तुझ्यामागं झालं ते लिहिते. तुला सांगणारं आता दुसरं कोण आहे?

कचेरीत जायच्या आधी मला गुरम्माला सांगावं लागलं. ओट्यावर नाही, आत बसवून सांगितलं. ती म्हणाली, "तुमी माज्या तोंडाकडं बगून 'येईल' म्हनला की वो." एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चला, कुटं जायाचं?"

साहेबांपुढं मी सगळं ओकले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रामहरीसारखा बडबड्या माणूस, "मेलेल्या मुलाशी?" एवढंच दोनदा म्हणाला. साहेब म्हणाले, नवा कायदा अजून व्हायचा आहे, आज तरी मला तुमच्या बहिणीच्या घरात जबरदस्तीनं शिरता येत नाही. बालविवाहाविरुद्ध शारदा कायदा आहे, पण त्याची तक्रार कुणीतरी करावी लागते, सरकार आपणहून करत नाही. आजवर केली कुणी? मी म्हटलं, मी करते. आणि घरात शिरायचं म्हणाल तर आई आहे की. आईला आपली मुलगी बघायची आहे, एवढं सांगायला कुठला कायदा लागतो?

म्हणून मोटारीतनं आधी गुरम्मा उतरली. तू दारात म्हणालीस, "पोरगी मुंबैला हाय," आणि गुरम्मानं तुझ्या खांद्यावरनं आत बघून नुसती हाक मारली, "चंद्री!" सूप पडल्याचा आवाज तूही ऐकलास.

मला वाटलं होतं तू ओरडशील, केस उपटशील. तू उंबऱ्यावर बसलीस आणि त्या पटक्याची घडी मांडीवर घेऊन हात फिरवत राहिलीस. मी तुझ्यासमोरनं पाच वेळा गेले-आले. तू एकदाही वर बघितलं नाहीस.

चंद्रव्वा आणि तिची आई सध्या माझ्याकडे आहेत. बाकी पाच जणी मिशनच्या बाईंकडे. त्यांच्या गावांना निरोप गेले, दोघींचे बाप येऊन पोचले. पहिल्या दिवशी गुरम्मानं पोरीला बांगड्या भरल्या. मोठ्या घेतलेल्या ना. कोपरापर्यंत वर जात होत्या आणि हात खाली केला की पाचही खळकन जमिनीवर. दोन वर्षांत हात तसूभर वाढलेला नाही. गुरम्मा त्या उचलायची, पुन्हा घालायची, त्या पुन्हा पडायच्या. शेवटी मी दोरा गुंडाळून दिला.

परवा चंद्रव्वानं ते ऐकलं. आम्ही दोघी हळू बोलत होतो, पण तुझ्या खोलीत दोन वर्षं राहिलेल्या पोरीचे कान तिखट झालेले. जवळ आली आणि मला विचारलं, "त्यो मेलाय व्हय?"

मी हो म्हटलं.

"मग माज्या बांगड्या फोडायच्या?" असं म्हणून तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. रडली नाही, काही नाही, काम सांगितल्यावर पुढं करतात तसे हात पुढं केले.

अक्का, माझ्या फोडल्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू मला धरलं होतंस. आई आत तोंड दाबून रडत होती आणि तू, बारा-तेरा वर्षांची पोर, सगळ्यांच्या अंगावर धावून जात होतीस, तिच्या हाताला हात लावू नका म्हणून. शेवटी तुला ओढून बाजूला काढावं लागलं. ती तू कुठं गेलीस गं? मला ती परवा फार आठवली. मी चंद्रव्वाला पोटाशी धरून म्हटलं, नाही बाळ, तुझं लग्नच झालेलं नाही. तो आधी गेला, तू मागनं आलीस. तू कुणाचीच कुणी नाहीस. तिला एवढंच कळलं की बांगड्या फोडायच्या नाहीत. मग ती पाणी प्यायला गेली.

काल जबान्या नव्यानं झाल्या. साहेबांनी तो कागद थांबवून धरला होता. जुना कागद रामहरीनं पुढं ठेवला, त्यावर माझी सही. मी खोटं भाषांतर केलं हे त्यावर लिहिलं आहे, आणि माझी चौकशी शाळाखात्याकडे गेली आहे. सोळा वर्षांची नोकरी बहुतेक जाईल. जाऊ दे. ज्या दिवसापायी ती कायम झाली तो दिवस तुला ठाऊक झाला आहे.

सहा नावं एकामागनं एक झाली. प्रत्येकीच्या वेळी रामहरी विचारायचा, "मालकाशी नातं?" आणि मी सांगायची, "काही नाही." सहा वेळा. चंद्रव्वाचं नाव शेवटी. ती आईच्या मांडीवर बसली होती, अजूनही तिचा अंगठा अधूनमधून विडी मुडपत असतो. "काही नाही," मी म्हटलं, आणि रामहरीनं लिहिलं.

मग तक्रारदार म्हणून माझी पाळी. नाव, वय, धंदा, सगळं झालं. रामहरीला आता सगळं ठाऊक आहे, तरी नियमाप्रमाणे विचारावं लागतं. त्यानं लेखणी दौतीत बुडवली, माझ्याकडे न बघता विचारलं, "मालकाशी नातं?"

मोटारीत सांगायचं राहिलं होतं ते मी काल सांगितलं, अक्का. "सख्खी बहीण," म्हटलं.

खटला अकरा मार्चला आहे. मी तुझ्याविरुद्ध साक्ष देणार, एक शब्द कमी करायची नाही. ती झाली की तुझ्याशेजारी येऊन बसेन. भाकरी दोघींपुरती बांधून आणते.

तुझी,
दाक्षायणी